दोरीचे दोन हिसके

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची मंडळी मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाला आणि लेकीनं हट्ट धरला, की आता स्कूबा डायव्हिंग करायचंच. मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका खेड्यातला, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. पाण्याची भीती कधी वाटली नाही. होडीत बसल्यावर तिथला तरुण प्रशिक्षक आम्हाला हातांच्या खुणा समजावून सांगत होता, तेव्हा मी आपला किल्ल्याच्या तटाकडे बघत बसलो होतो. म्हटलं, पाण्यात उतरायला खुणा कशाला लागतात?

पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच अशा थाटात मी खाली गेलो. खडकाच्या कपारीतून चट्ट्यापट्ट्याचे मासे येत-जात होते. त्या पोरानं ‘कसं काय?’ अशा अर्थानं माझ्याकडे पाहिलं. मी खुशीत येऊन अंगठा वर केला. एकदम झकास! त्यानं दुसऱ्याच क्षणी माझी टाकी धरली आणि मला थेट वर घेऊन आला. मला वाटलं, वेळ संपली. होडीत लेक हसून लोटपोट झाली होती. म्हणाली, “अब्बा, अंगठा वर केला की ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो. झकास म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचं कडं करून दाखवायचं. सांगितलं होतं ना त्यांनी!”

ही अंगठ्याची खूण मालवणला तीच, अंदमानात तीच आणि अमेरिकेतही तीच. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुड्यांनी खुणांची एक भाषा ठरवून घेतली आहे. त्या भाषेबद्दल कोणाचं दुमत नाही. मात्र खुणांच्या पुढे गेलं, की नळी केवढी असावी, सुरी कुठे बांधावी, एकट्यानं उतरावं की नाही, या प्रश्नांवर जगातले पाणबुडे गेली तीसेक वर्षं हमरीतुमरीवर येऊन भांडत आले आहेत. मालवणच्या फजितीनंतर मी त्या वादाच्या नादी लागलो. आज त्याबद्दलच बोलणार आहे. कृष्णाकाठच्या माणसाला याचं काय पडलंय, असं तुम्हाला वाटेल. थोडा धीर धरा, शेवटी आपण सांगलीच्या घाटावरच येणार आहोत.

आधी थोडी पाण्याची ओळख. फ्रान्सच्या जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली एक झडप तयार केली. पाठीवरच्या टाकीतली दाबलेली हवा ती माणसाला हवी तेव्हा, हवी तेवढी आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबानं देते. स्कूबा म्हणतात ते साधन मुख्यतः या झडपेवर चालतं. पाण्यात दर दहा मीटर खाली गेलं, की एका वातावरणाएवढा दाब वाढतो. नव्वद मीटरवर दाब वरच्यापेक्षा दहापट होतो आणि प्रत्येक श्वासाला दहापट हवा खर्ची पडते. वर जी टाकी तासभर पुरली असती, ती तिथं सहा मिनिटांत रिकामी होते.

शिवाय साधारण तीस मीटरच्या खाली हवेतल्या नायट्रोजनची नशा चढू लागते. भलंबुरं कळेनासं होतं. खोलवर जाणारे लोक म्हणून हवेत हेलियम मिसळतात. प्राणवायूही दाबाखाली विषारी होतो. निव्वळ प्राणवायूची टाकी सहा मीटरच्या खाली तोंडाला लावली, तर माणसाला झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका आला तर तो बहुधा बुडतोच. परत येताना घाईनं वर येता येत नाही. अंगात मुरलेला वायू सोडाबाटली उघडल्यासारखा बुडबुड्यांनी बाहेर पडू नये म्हणून वाटेत ठरावीक खोलीवर थांबे घ्यावे लागतात. मालवणला आपण करतो ते उथळ पाण्यातलं दर्शन असतं. तिथं काही बिघडलं तर डोक्यावर मोकळं आकाश असतं. गुहेत मात्र डोक्यावर दगड असतो. वर यायचं म्हणजे आधी जिथून शिरलो त्या तोंडापर्यंत मागं यावं लागतं.

हा वाद अशाच गुहांमधून सुरू झाला. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात चुनखडीच्या जमिनीखाली पाण्यानं भरलेल्या मैलोन्‌ मैल लांबीच्या गुहा आहेत. गोड्या पाण्याचे मोठमोठे झरे त्यांतून वर येतात. साठ-सत्तरच्या दशकांत तिथं हौशी पोरं उतरू लागली आणि मरू लागली. शेक एक्सली नावाचे एक शाळामास्तर, गणिताचे शिक्षक, स्वतः गुहांमध्ये उतरणारे पट्टीचे पाणबुडे होते. मेलेल्या माणसांना त्यांनी नावं ठेवली नाहीत. एकेक अपघात घेऊन तो का झाला, याची त्यांनी गणितासारखी उकल केली आणि १९७९ साली त्यावर एक छोटं पुस्तक काढलं. बहुतेक अपघातांमागे त्यांना त्याच त्या चुका दिसल्या. उघड्या पाण्यापासून आतपर्यंत अखंड दोरी टाकलेली नव्हती. हवा जपून ठेवलेली नव्हती. आवाक्याबाहेर खोल गेले होते. त्यातून हवेच्या तीन वाट्यांचा नियम रुजला: एक वाटा आत जायला, एक बाहेर यायला आणि तिसरा अडीअडचणीला, म्हणजे मुख्यतः सोबत्यासाठी.

या तिसऱ्या वाट्याकडे लक्ष द्या. ती हवा तुमच्या पाठीवर असते, पण ती तुमची नसते. सोबत्याची हवा संपली तर त्याला बाहेर काढायला ती ठेवलेली असते. आता प्रश्न असा, की ती त्याला द्यायची कशी? अंधारात, गढूळ पाण्यात, तो घाबरलेला असताना?

फ्लोरिडातल्या विल्यम हॉगार्थ मेन या पाणबुड्यानं आणि त्याच्या मित्रांनी यावर फार बारकाईनं विचार केला. अंगावर गरजेचं तेवढंच ठेवायचं, लोंबणारं काही नको, आणि प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा. त्याच्या मधल्या नावावरून या पद्धतीला ‘हॉगार्थियन’ म्हणू लागले. पुढे टॅलाहासी शहराजवळच्या वुडव्हिल भागातल्या गुहांचा शोध घेणाऱ्या पथकानं ही पद्धत सक्तीची केली. त्या पथकाचा म्होरक्या जॉर्ज अर्विन यानं नव्वदच्या दशकात तिला नाव दिलं ‘डुइंग इट राइट’. म्हणजे, योग्य तेच करणं. नावातच भांडणाचं बी होतं हे तुमच्या लक्षात आलं असेल. एकानं आपल्या पद्धतीला ‘योग्य’ म्हटलं, की बाकीच्या आपोआप अयोग्य ठरतात.

पण आधी त्यांची बाजू ऐकून घेऊ. तिच्यात दम आहे. एक उदाहरण देतो. प्रत्येकाकडे श्वासाच्या दोन नळ्या असतात. एक सुमारे सात फूट लांब, दुसरी आखूड. पूर्वी रिवाज असा, की चांगली आपल्या तोंडात आणि जादाची कुठेतरी बाजूला अडकवलेली. सोबत्याला हवा लागली तर ती जादाची काढून द्यायची. हे लोक म्हणाले, उलट करा. लांब नळी आपल्या तोंडात ठेवा आणि आखूड नळी हनुवटीखाली गळ्यात अडकवा. सोबती गुदमरत आला तर तोंडातली काढून त्याला द्या आणि स्वतः गळ्यातली तोंडात घ्या. का? कारण घाबरलेला माणूस जादाची नळी शोधत बसत नाही, तुमच्या तोंडातलीच ओढतो. आणि तुमच्या तोंडातली नळी चालू आहे, तिच्यातून येणारी हवा या खोलीवर योग्य आहे, याचा पुरावा तुम्ही स्वतः जिवंत आहात हाच असतो. लांबी सात फूट अशासाठी, की गुहेच्या अरुंद जागेत दोघांना एकामागून एक बाहेर निघता यावं.

बाकीचेही नियम असेच. दिवा डाव्या हातात. थांब्यांसाठीच्या टाक्या डाव्या अंगाला. टाकी कोणत्या खोलीपर्यंत वापरायची तो आकडा तिच्यावर मोठ्या अक्षरांत, आणि तोंडाला लावण्याआधी सोबत्यानं तो वाचायचा. पथकातल्या सर्वांचं सामान सारखं. काळोखात सोबत्याच्या अंगावर हात फिरवला तर प्रत्येक वस्तू आपल्या अंगावर असते तिथंच सापडली पाहिजे. आपल्याकडे एका घरची सून दुसऱ्या घरी गेली तर तिला मिठाचा डबा सापडत नाही. या लोकांचं म्हणणं, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात मीठ एकाच फळीवर असू द्या.

या शिस्तीनं त्यांनी जे करून दाखवलं ते थक्क करणारं आहे. २००७ साली जॅरड जॅब्लोन्स्की आणि केसी मॅकिन्ली हे दोघे एका विवरातून शिरून सुमारे ११ किलोमीटर अंतर पाण्याखालूनच कापत वकुला झऱ्यातून बाहेर आले. खोली नव्वद मीटरच्या आसपास. मग वर यायला कितीतरी तासांचे थांबे. याच जॅब्लोन्स्कीनं १९९८ साली ‘ग्लोबल अंडरवॉटर एक्स्प्लोरर्स’ ही संस्था काढली आणि गुहेतली ही पद्धत समुद्रात हौसेनं उतरणाऱ्या माणसांनाही शिकवायला घेतली.

इथं ठिणगी पडली. समुद्रात उतरणारे म्हणाले, आमच्या डोक्यावर दगड नाही, आम्हाला सात फुटी नळी कशाला? बुडालेल्या जहाजांत शिरणारे म्हणाले, आमच्याकडे जाळी आणि तारा अडकतात, आमची हत्यारं वेगळी. काही म्हणाले, माणसाचा बांधा वेगळा, पाणी वेगळं, काम वेगळं, मग सामान एकच कसं? आणि सगळ्यांचा राग होता तो बोलण्याच्या तऱ्हेवर. आपल्या पद्धतीनं न वागणाऱ्यांना अर्विन आणि मंडळींनी ‘स्ट्रोक’ असा एक हेटाळणीचा शब्द ठेवला होता आणि ‘स्ट्रोकबरोबर पाण्यात उतरू नका’ हा पहिला नियम केला होता. एखाद्याला त्याची चूक सांगितली तर तो कदाचित ऐकतो. त्याची जातच काढली तर कोण ऐकणार? पद्धतीतल्या शहाणपणापेक्षा तिचा तोरा लोकांच्या जास्त लक्षात राहिला. गंमत म्हणजे सर्वांनी एकसारखं असावं म्हणणाऱ्यांतही पुढे फूट पडली. जॅब्लोन्स्कीच्या संस्थेतला एक नामवंत प्रशिक्षक बाहेर पडला आणि त्यानं ‘युनिफाइड टीम डायव्हिंग’ नावाची वेगळी संस्था काढली. नावात ‘एकसंध’ आणि जन्म फुटीतून!

मी कविता लिहितो, थोड्याफार गझलाही. त्यामुळे हा सूर मला ओळखीचा वाटला. मराठी गझलेत आमच्याकडे हेच चालतं. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून तंत्र समजावून दिलं, ते किती मोलाचं होतं हे माझ्यासारख्या शिकाऊ माणसाला ठाऊक आहे. पण एखाद्या मुशायऱ्यात कोणाचा शेर वृत्तात जरा लचकला, की माना वळतात आणि आशय ऐकायला कोणी थांबत नाही. उलट बाजूला असेही कवी असतात, की ज्यांना वृत्त जमत नाही म्हणून ते वृत्तच निकालात काढतात. दोन्हीकडचे मित्र मला आहेत. आमच्या भांडणात फार तर एखादा शेर मरतो. पाण्याखाली माणूस मरतो, म्हणून त्यांच्या भांडणाकडे मी जास्त गांभीर्यानं पाहतो.

आता या वादाची दुसरी बाजू, आणि ती सांगायला आपल्याला थायलंडला जावं लागेल. २०१८च्या जून महिन्यात तिथल्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, हे तुम्हाला आठवत असेल. बाहेर पाऊस, आत चढतं पाणी. सांगलीकरांना ती बातमी जरा जवळची वाटली होती. आपल्या पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले पंप तिकडे विमानानं न्यायची तयारी झाली होती आणि किर्लोस्करांचे अभियंते प्रत्यक्ष गुहेच्या तोंडाशी पाणी उपसण्याच्या कामात होते. पाण्यात उतरून मुलांना शोधून काढलं ते रिक स्टँटन आणि जॉन व्हॉलॅन्थन या दोन इंग्रजांनी, २ जुलैला.

हे दोघे फ्लोरिडाच्या शाळेतले नव्हेत. इंग्लंडात गुहांमध्ये बुडी मारण्याची परंपरा १९३५ पासूनची आहे. तिथल्या गुहा अरुंद, गार आणि गढूळ. माणूस कोरड्या गुहेतून रांगत जातो, मध्ये पाण्यानं भरलेला एखादा बोगदा लागतो, तो बुडी मारून ओलांडतो आणि पुन्हा रांगू लागतो. पाठीवर दोन टाक्या घेऊन अशा भोकातून जाताच येत नाही, म्हणून त्यांनी टाक्या कुशीला बांधल्या. आणि जिथं वळायलाही जागा नाही, काही दिसत नाही, तिथं सोबती मदतीला येण्यापेक्षा वाट अडवण्याचीच शक्यता जास्त. म्हणून ते एकेकटे उतरतात आणि स्वतःचा सोबती स्वतःच होतात. दोन स्वतंत्र टाक्या, दोन स्वतंत्र नळ्या, एक बिघडली तर दुसरी. सामान बरंचसं घरी घडवलेलं, ज्याचं त्याचं वेगळं. म्हणजे फ्लोरिडाच्या शाळेत जे जे वर्ज्य मानलं गेलं, त्यातलं बरंच काही.

मग थायलंडमध्ये कोण बरोबर ठरलं? घाईनं उत्तर देऊ नका. कारण मुलांना बाहेर काढायची वेळ आली तेव्हा याच स्वच्छंद माणसांनी काय केलं ते पाहा. गावातल्या मुलांना पोहण्याच्या तलावात घेऊन त्यांनी सराव केला. जमिनीवर गुहेचा आराखडा मांडून, बाटल्या आणि खुर्च्या ठेवून, कोण कुठे उभा राहील, कोणती टाकी कुठे असेल हे पावलापावलानं फिरून पाहिलं. डॉ. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ स्वतः गुहेत उतरणारे होते. मुलं पाण्याखाली घाबरून हातपाय झाडू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकाला भूल दिली आणि वाटेत ती उतरू लागली तर पुन्हा सुई कशी टोचायची, हे पाणबुड्यांना शिकवलं. त्यानंतर ८ ते १० जुलै या तीन दिवसांत एकेक मूल एकेका पाणबुड्याच्या हाती देऊन तेराही जण बाहेर आले. पाण्यात प्रत्येक पाणबुडा एकटा होता. पण उतरण्यापूर्वी सगळ्यांचं एकमत होतं. यशाच्या आनंदात एक गोष्ट विसरू नये. त्याच्या दोनच दिवस आधी, ६ जुलैला, गुहेत टाक्या पोहोचवून परतताना समान कुनान हा थायलंडच्या नौदलाचा माजी जवान मरण पावला होता.

वादातल्या दोन्ही पक्षांना आज बरंच शहाणपण आलं आहे. कुशीला टाक्या बांधायची पद्धत आता जॅब्लोन्स्कीची संस्थाही शिकवते. आणि लांब नळी तोंडात ठेवायची पद्धत अशा कितीतरी पाणबुड्यांनी उचलली आहे, की ज्यांना ‘योग्य तेच करणं’ हे नाव ऐकलं तरी चीड येते. प्रत्येक नियमाला त्याच्या जन्माचं पाणी असतं. फ्लोरिडाचं पाणी नितळ, गुहा प्रशस्त, म्हणून तिथं सोबत्याचा नियम झाला. इंग्लंडच्या बिळांत एकट्याचा नियम झाला. नियम पाठ करताना तो कोणत्या पाण्यातला आहे हे विसरलं, की भांडणं लागतात. पण यातून कोणी असा अर्थ काढू नये, की ज्यानं त्यानं आपापल्या मनाचं करावं. का ते मला पुस्तकांच्या कितीतरी आधी आमच्या मामूंनी शिकवलं होतं.

आमचे मामू दम धरण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. विहिरीत भांडं पडलं तर गळ टाकत, माणूस पडला तर मामूंना बोलावणं येई. ना टाकी, ना नळी. कमरेला मोटेचा जुना नाडा बांधायचा, छातीभर श्वास घ्यायचा आणि जायचं तळाला. काठावर नाडा धरायला नेहमीचा एकच माणूस असे, मामूंचा जोडीदार. एक हिसका म्हणजे ढील दे, दोन हिसके म्हणजे ओढ. एकदा शेजारच्या गावातून रात्री बोलावणं आलं. जोडीदार तापानं आडवा. मामू एकटेच गेले. नाडा धरायला त्या गावचा एक माणूस उभा राहिला, तोही या कामातला जुना. मामू तळाशी गेले. दम संपत आला तेव्हा त्यांनी दोन हिसके दिले. वर नाडा ताठ व्हायच्या ऐवजी सैल झाला. पुन्हा दोन हिसके. आणखी सैल. त्या गावात दोन हिसक्यांना ढील देण्याचा रिवाज होता. सैल नाड्याचे वेढे पायांत अडकले. मामू कसेबसे ते सोडवून वर आले, तेव्हा नाकातोंडातून रक्त येत होतं. ज्या पोराला काढायला गेले होते तो त्यांना मिळाला नाही. सकाळी गळाला लागला.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. घरात सगळे त्या नाडेवाल्याला शिव्या देत होते. मामू भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “उसकी गलती नै. उतरने के पैले बातच नै किए थे हम.” त्याची चूक नाही, उतरण्याआधी आम्ही बोललोच नव्हतो. दोन हिसक्यांचा कोणता अर्थ बरोबर, आमच्या गावचा की त्यांच्या? दोन्ही बरोबरच होते. प्रत्येक गावात तो अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालला होता आणि माणसं वर येत होती. घात झाला तो दोन बरोबर पद्धती एकाच दोरीला बांधल्या गेल्यामुळे. पाणबुड्यांच्या वादाबद्दल मी जे वाचलं, त्याचं सार मला मामूंच्या त्या एका वाक्यात सापडतं.

आणि म्हणून आता सांगली. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि डझनाहून जास्त माणसं, त्यात बायाबापड्या आणि लेकरं, गावाच्या डोळ्यांदेखत बुडाली. त्या गावाचं दुःख मी शब्दांत मांडू शकत नाही, मांडायचा प्रयत्नही करत नाही. मी फक्त माझ्या गल्लीत त्या आठवड्यात जे पाहिलं ते सांगतो.

आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. शेजारच्या घरात एक आजारी आजी होत्या. आधी गल्लीतली पोरं आली, गुळाची काहील आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा घेऊन. मागोमाग बाहेरगावचं एक प्रशिक्षित पथक रबरी बोट घेऊन आलं. आणि खाली पाण्यावर वाद सुरू झाला. पथकातले म्हणत होते, जॅकेटशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही, एका वेळी ठरावीकच माणसं, आम्ही सांगू तसं. पोरं म्हणत होती, तुम्हाला इथलं काय माहीत? या बोळाच्या तोंडाशी गटाराचं झाकण वाहून गेलंय, पुढे लोखंडी फाटकाचे भाले पाण्याखाली आहेत, बोट फाटेल. दोघंही खरं बोलत होते. आजींच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता आणि खाली आवाज चढत होते. शेवटी पथकातल्या एका वयस्कर माणसानं एक जॅकेट काढून पोरांतल्या एकाच्या अंगावर चढवलं आणि त्याला बोटीच्या नाकाशी बसवलं. म्हणाला, “वाट तू दाखव. बोटीत काय करायचं ते मी सांगतो. हात वर केला की थांबायचं, कोणीही केला तरी.” दहा मिनिटांत आजी बोटीत होत्या.

गुहेत उतरणाऱ्यांचाही एक नियम असाच आहे आणि त्यावर त्यांच्यातल्या कोणत्याही पंथाचं भांडण नाही. पथकातल्या कोणीही, अगदी नवख्यानंसुद्धा, कोणत्याही कारणानं अंगठा वर केला, की सगळ्यांनी मागं फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही. ते बाहेर आल्यावर. मालवणच्या त्या पोरानं मला एका क्षणात वर का आणलं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी मजेत आहे हे त्याला दिसत असणार. पण खूण ही खूण. तिच्यावर स्वतःचा तर्क चालवायचा नाही, हे त्याला शिकवलेलं होतं.

महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड करत सांगलीला येते. वाटेत तिच्या काठाला किती गावं, प्रत्येक गावात पोहणारी, होडी चालवणारी, पुरात उडी घेणारी किती पोरं. त्यांना त्यांचं पाणी माहीत आहे. सरकारी पथकांना त्यांची कवायत माहीत आहे. पूर आला की हे दोघे पहिल्यांदा भेटतात ते पाण्यावर, अंधारात, घाईत. त्याऐवजी मृगाच्या आधी एखाद्या रविवारी ते नदीकाठी भेटले तर? बोटीत किती जण, जॅकेट कोणाला, पुढे कोण बसणार, दोन हिसक्यांचा अर्थ काय, हे अर्ध्या तासात ठरण्यासारखं आहे. कोणाची पद्धत श्रेष्ठ हे ठरवायचं नसेल तर अर्धा तासही लागणार नाही.

मामू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या रात्रीनंतरही ते विहिरीत उतरत राहिले. फक्त एक बदल झाला होता. काठावर नाडा धरायला कोणीही असो, अगदी त्यांचा नेहमीचा जोडीदार असला तरी, उतरण्यापूर्वी ते त्याच्यासमोर उकिडवे बसत, नाड्याचं टोक त्याच्या हातात देत आणि विचारत, “बोल, दोन म्हणजे काय?” तो हसून म्हणे, “ओढ.” मग मामू नाडा कमरेला बांधत.